सूनबाईच्या उतारावरचा पाचोळा

२ जून, सकाळ
कुरणात वाळकं गवत घोट्याएवढं साचलंय. खालच्या कोंबाने उजेड बघायचा कसा? मी म्हटलं, दंताळ्याने ओढून लख्ख करू. सूनबाई म्हणाली, आई, लख्ख अंगण करतात. तिने तीन महिन्यांचा शेतकी कोर्स केलाय. म्हणे, गुरं दाटीने सोडू, ती तुडवतील, पाचोळा मातीत जिरेल. गुरं म्हणजे काय हिचे मजूर?
पैज लागली. अर्धं तिचं, अर्धं माझं. महिन्याने गुरांचे डॉक्टर बघतील. जिचं हिरवं, तिच्या कमरेला कुरणाच्या फाटकाची किल्ली. सव्वीस वर्षं माझ्या कमरेला आहे. तिथेच राहणार. टक्कल पडलेला उतार तिला दिला. डोकं लागतं.

५ जून
दोन दिवस ओढलं. कंबर गेली. पण जमीन कशी, नुकती हजामत केलेली. आता एवढा ढीग टाकायचा कुठे?

६ जून, पहाटे
तारेपलीकडे. तिच्या उतारावर. गुदमरू दे. ही लबाडी नाही, जागेची सोय आहे.

९ जून
चौदा पाट्या पाचोळा टाकून झाला. दंताळ्याचा दांडा मोडला. दुपारी बघते तर नवा बसवलेला. मुलाला अक्कल आली एकदाची.

१५ जून
तिने उतारावर गुरं दाटीने उभी केली. माझाच पाचोळा तुडवून शेणात कालवला. सगळा राडा. मला हसू आवरेना.

२१ जून
दोन सरी आल्या. माझ्याकडचं पाणी वाहून गेलं. पाण्यालाच थांबायची सवय नाही.

२६ जून
माझ्या अर्ध्यात भेगा. बरंच आहे, मुळांना हवा लागते.

२ जुलै
डॉक्टर माझ्या अर्ध्यात उभे राहून म्हणाले, आजी, गाड्या लावायला छान जागा केलीत. पलीकडे उतारावर गवत गुडघ्याला. त्यांनी मातीत बोट घातलं, ओलं निघालं. विचारलं, या टकलावर हे कसं? सूनबाई म्हणाली, इथे पाचोळा कमी होता, आईंनी रोज पहाटे पाट्या आणून टाकल्या. मध्येच दांडा मोडला, तो मी बदलला. म्हटलं, काम थांबायला नको.
मी म्हटलं, हो तर. नवीन पोर आहे, हात दिला.
किल्ली मी आपणहून काढून दिली. कमरेला टोचतच होती.

३ जुलै
माझ्या अर्ध्यावर पाचोळा पसरायला हवा. तो आता आहे तिच्याकडेच. मागेन, त्यात काय. आधी किल्ली मागावी लागेल.