चौथ्या मागाची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार
माधवनगरात पोचलो. सुरत झाली, बेंगळुरू झालं, चार वर्सं दुसऱ्याची घमेली उचलली. आता कुपवाडच्या भाऊसो ठेकेदारांनी पयल्यांदा आख्खी जमीन माझ्या एकट्याच्या हाती दिलीय. जुनी हातमागाची शेड हाय, तिचं दुकान करायचंय. जमिनीचा सिमेंटी कोबा खालीवर झालाय, तो एका पातळीत आणायचा. सोमवारी फरशीवाले येणार. जमलं तर मी मिस्त्री, न्हाई तर परत घमेलं. आईला तवाच फोन करणार.
रोजचं काम लिहायला भाऊसोंनी ही वही दिली. माझी शाळा सातवीपत्तोर, पर लिहायला आवडतं.
शेडवर राखणीला हरिबामामा हायत, सत्तरीचे. माझं गाव म्हसवडकडचं म्हटल्यावर म्हणाले, तिकडची पोरं पाण्यावाचून अशीच भटकी निघत्यात. लय हसलो. त्यांनीच च्या पाजला.

४ फेब्रुवारी, बुधवार
लेव्हलची नळी लावली. पाणी भरलेली साधी नळी, पर तिच्याइतकं खरं कोण बोलत न्हाई. दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. चारी भितींवर खुणा मारल्या.
मागच्या कोपऱ्यात कोबा परातीएवढा खचलाय. मामा रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतत्यात. विचारलं तर म्हणाले, तिथं चौथा माग हुता. अर्जुना नावाचा विणकर तिथं खड्ड्यात पाय सोडून बसायचा, पायानं खालच्या फळ्या दाबायचा. मालकानं माग बंद केले तरी तो उठला न्हाई. बसल्या जागी गेला, शेवटाला पाणी मागत. पुढं सगळे खड्डे बुजवले, तेवढा एक बुजत न्हाई. आजवरच्या गवंड्यांनी तो तसाच सोडला.
मी म्हणालो, फरशी बसल्यावर पाणी कुठं ओतणार मामा, गिऱ्हाइकाच्या पायावर? ते हसले न्हाईत.
"गड्या, तेवढी जागा सोड. बाकीची आरशागत कर."
सोडतोय व्हय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आमच्या कामाची रीत अशी, की लांबच्या कोपऱ्यातनं सुरू करायचं आन् दाराकडं मागं मागं सरत यायचं. ओल्यावर पाय पडत न्हाई, माणूस शेवटाला दारातनं भाईर. तसंच केलं. पयला कोपरा सिमेंटच्या मालानं भरला, पट्टी ओढली, थापीनं गुळगुळीत केला. मामांचा तांब्या उचलून दाराभाईर ठेवला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
कोपरा खचलाय. भेग न्हाई, तडा न्हाई. नुसता खाली गेलाय, आन् महिनाभर उन्हात पडल्यागत कोरडा ठणठणीत.
नळी लावली. पाणी उतरायला लागलं. गळत कुठंच न्हाई. थोडं उतरायचं, थांबायचं, परत थोडं. घोट घेतल्यागत.
परत भरला. तू हायस तर मी बी हाय.

७ फेब्रुवारी, शनिवार
परत. आता गुडघाभर खोल. खालनं आवाज येतोय, खट्, खट्. लाकडावर लाकूड.
भाऊसो फोनवर म्हणाले, उद्या संध्याकाळपत्तोर झालं न्हाई तर मिरजेचा मिस्त्री आणतो. मामा म्हणाले, तांब्या परत कोपऱ्यात ठेव, हात जोडतो. मी बोललो, "मेलेल्याला जागा आन् जित्यानं घमेलं उचलायचं? न्हाई जमणार."
मामा उठून गेले.

८ फेब्रुवारी, रविवार
मामा नातीच्या साखरपुड्याला आष्ट्याला गेलेत, उद्या सकाळी येणार. मी एकटाच.
आज रीत उलटी. राहिलेली जमीन दारापासनं सुरू करणार, कोपरा शेवटाला. भितीकडं फळीभर कोरडी जागा ठेवून तिथंच बसणार, माल घट्ट होईपत्तोर. माझ्या डोळ्यांदेखत खच म्हणावं.

दुपार
झालं. आरशागत. पाठ भितीला, म्होरं सगळी ओली जमीन, दार पल्याड. एका सुताची चूक न्हाई.
नळीतलं पाणी उतरतंय. उतरू दे.

तीन वाजता
खट् — खट् — माझ्या खालनं.
बसल्या जागेची कड मऊ पडतीय. ओल्यावरनं पळालो तर दहा पावलांत दार. पर पावलं उमटतील. माझी पयली जमीन हाय. न्हाई पळणार.

नळी रिकामी. घसा कोरडा — तांब्या दाराभाईर दिसतोय —

पाय आत गेले. दोन्ही. गुडघ्यापत्तोर. वर ओढतोय, येत न्हाईत — गार हाय खाली —

पायाखाली फळी लागली. दाबणार न्हाई. मी मिस्त्री हाय, विणकर न्हाई. न्हाई दाब —

खट्.

दुसरा पाय आपोआप —

उद्या फरशीवाल्यांनी नळी लावून बघावं. जमीन सपाट हाय. कोपरा बी सपाट व्हतोय, माझ्या कमरेभवती — बघा, भरला — मी भरला —

मामा, सकाळी आलात की ओल्यावर पाय नका देऊ. दारातनंच — फकस्त तांब्या —