कोरी नळी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, व्यवसाय जुन्या हाडांतले जंतू शोधण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डॉक्टरांनी तीन महिने दिलेत. वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

१. घर सामानसुमानासह नवऱ्याला. एकोणीस वर्षं तो खालच्या खोलीत, मी वरच्या. आता दोन्ही त्याच्या.

२. दात कोरायचं छोटं यंत्र आणि चिमटे माझ्या सहायिकेला, म्हणजे चिमणीला. विभागप्रमुखांना काही नाही. माझ्या निबंधावर त्यांनी स्वतःचं नाव आधी घातलं, तेवढी वाटणी त्यांना पुष्कळ झाली.

३. वाचणाऱ्यासाठी खुलासा. माणूस तापाने मेला, तर त्या जंतूचा डीएनए दातात हजार वर्षंही टिकू शकतो. दात कोरून पूड काढायची, ती नळीत घालून तपासायची. दर खेपेला एक कोरी नळी सोबत ठेवायची, पुडीशिवाय. तिच्यात काही सापडलं तर खेप बाटली, कुठल्याच दातावर विश्वास ठेवायचा नाही. हे मी चिमणीला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं.

४. आमची मुलगी सहा वर्षांची असताना तापाने गेली. कसला ताप, कुणालाच कळलं नाही. दवाखान्यात तिचा एक दात पडला, तो मी काड्यापेटीत जपला. आजारपणाआधी नवऱ्याने तिला गोठ्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजलं होतं. मी नको म्हटलं होतं. वर्षभराने गुरं राखणाऱ्या एका प्राचीन वस्तीतले सांगाडे तपासायला आले, त्या खेपेत मी गुपचूप तिचा अर्धा दात घातला. कच्च्या दुधातून येणारा जंतू निघाला. घरी येऊन सांगितलं, "दूधच होतं."

तो एवढंच म्हणाला, "मीच पाजलं गं तिला." त्या दिवसापासून तो चहासुद्धा कोराच घेतो.

५. कोऱ्या नळीतही तोच जंतू होता. घरी सांगण्याआधी मी तो निकाल पाहिला होता. जंतू सांगाड्यांचा असेल, तिचा असेल. मला माहीत नाही. मला कुणीतरी दोषी हवं होतं, आणि तो समोर बसला होता.

६. उरलेला अर्धा दात काड्यापेटीत, माझ्या कपाटात आहे. तो नवऱ्याचा. कोरायचा की नाही, त्याने ठरवावं. कोरलाच, तर कोऱ्या नळीचा निकाल आधी वाचावा.

स्थळ: वरची खोली. दि. ११ जुलै.
सही.
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (मजकूर न वाचता), चिमणी (मजकूर वाचून, रडून).

पुरवणी, दि. १२ जुलै. चिमणी म्हणाली, "बाई, हे मेल्यावर कशाला? आत्ता सांगा की!" तोंड उघडेना, म्हणून पाचव्या कलमाची नक्कल सकाळी त्याच्या कपापाशी ठेवली. शेजारी दुधाचं भांडं. त्याने दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि चहा कोराच प्यायला.

म्हणाला, "आता सवय झाली."

सही तीच. साक्षीदार तेच.