आजाऱ्याला जस्ताचा आहेर

ती. दादा यांस,
गोपाळकृष्णाचा सा. न. वि. वि.

आपला गुडघा बरा असावा आणि नगरला पाणी वेळेवर येत असावं. आम्ही इकडे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

आपल्या बहिणीला, म्हणजे वासंतीला, रक्ताचा कर्करोग निघाल्यापासून आपले चिरंजीव तेजस यांनी हिंजवडीत बसून वैद्यकी सुरू केली आहे. 'जस्ताने प्रतिकारशक्ती वाढते' अशी एक ई-मेल त्यांनी तमाम नातलगांना धाडली. (कंपनीत काम नसावं, किंवा हेच काम असावं.) आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडचा रिवाज. पूर्वी लोक मोसंबी आणत, आता जस्ताच्या गोळ्या आणतात. मोसंबी निदान मला तरी खाता यायची! वासंती पडली भिडस्त. ज्याने आणली त्याच्यासमोर त्याची गोळी घेते, वर 'बरं वाटतंय हो' म्हणते आणि पाहुण्याची पाठ वळली की मोरीत ओकते. भेटीला आलेल्या यमुनाबाईंनी तर तिने गोळी गिळेपर्यंत चहाच्या कपाला हात लावला नाही.

शेवटी डॉक्टर पूर्णिमाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, निरोगी पांढरी पेशी जस्त बेताने आत घेते, बेताने वापरते. बिघडलेल्या पेशीची ती शिस्तच बदललेली असू शकते, आणि काकूंच्या नेमक्या त्याच पेशी बिघडल्यात. जादा जस्त कुणाच्या पथ्यावर पडेल, ते आम्हीही अजून शोधतोय. बंद करा." घरातलाच माणूस फिरलेला असताना त्याला खुराक कसला देता? मी हे सविस्तर तेजसना कळवलं. त्यांनी 'ओके काका, कूल' असं उत्तर दिलं आणि मागोमाग मोठी बाटली पाठवली. शिकलेल्या माणसाला समजावणं कठीण, संगणक शिकलेल्याला अशक्य.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. चिरंजीवांना बोललो म्हणून राग मानू नये. कमीच बोललो आहे.

आणखी ता. क. बाकीच्यांच्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. पण तेजसच्या बाटलीबद्दल आपण फोनवर तिला 'घे गं, मी सांगतो' म्हणालात, म्हणून ती मात्र तिने उशाशी ठेवली आहे. सोमवारी इस्पितळात खरे उपचार सुरू व्हायचे, तर म्हणते, आधी दादाने सांगितलेली बाटली संपू दे, मग बघू. ती माझं ऐकत नाही, त्याची मला सवय आहे. पण अहो दादा, या वेळी मला भीती वाटते. फोन नको, रविवारी स्वतः या. वाघोलीला रस्ता तुंबतो, तेव्हा सकाळी लवकर निघा. तिच्या लेखी आपण आजवर कधी चुकलेला नाहीत. तिच्यासाठी एवढं एकदा चुका.