टीव्हीकडे पाठ

अण्णा, मी सध्या आपल्या गावातच आहे. सिल्लोड रस्त्यावर एक दुमजली घर भाड्यानं घेतलंय, तिथं माझ्या मालिकेचं शूटिंग चालतं. आज सुट्टी आहे, युनिटमधलं कुणी अजून उठलेलं नाही, आणि मी सेटवरच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टूल ओढून बसले आहे. इथला गॅस खरा आहे, नळाला मात्र पाणी येत नाही. अकरा वाजता मला मुंबईला चॅनेलच्या माणसाला फोन करायचाय. त्या फोनवर एका म्हाताऱ्या नटीचं काम राहणार की जाणार ते ठरेल, आणि बहुतेक माझंही.

औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात मागची झाकणं काढलेले टीव्ही ओळीनं मांडलेले असायचे आणि घरात एकही नव्हता. "लोकांचे बघायचे तेवढे पुरे झाले," तुम्ही म्हणायचात. मी सहावीत असेन. मागच्या गल्लीतल्या खालाचा रंगीत टीव्ही दुरुस्तीला आला होता. तिच्याकडे पाच-सहा बायका दिवसभर बसून शर्टांची काज-बटणं करायच्या. शनिवारी टीव्ही झाला. तुम्ही सोयगावला कुणाची तरी अँटेना बसवायला निघालात आणि जाताना सांगून गेलात, खाला आली की देऊन टाक. पण रविवारी सकाळी त्या वेळच्या गाजलेल्या मालिकेचा शेवटचा भाग होता आणि दुकानात रंगीत म्हणून तेवढा एकच चालू सेट होता. शनिवारी संध्याकाळीच खाला हातगाडी घेऊन आली. मी म्हणाले, अजून झाला नाही, जालन्याहून पार्ट यायचाय. "हौ क्या? पार्ट आया तो बोल देना बेटा, घर में सब औरतां मेरी जान खारे," असं म्हणून ती रिकामी हातगाडी घेऊन परत गेली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं याचंच मला नवल वाटलं होतं.

रविवारी तुम्ही अचानक सकाळच्या गाडीनं परत येता. मी सेटसमोर मांडी घालून बसलेली. "हा खालाचा नाय का?" "व्हय." "मग इथं काय करायलाय?" मी सांगते. तुम्ही ओरडत नाही, हात उगारत नाही, फक्त बटण दाबता. चित्र आक्रसत एका ठिपक्यात जातं. "धर त्या बाजूनं," म्हणता. दोघं मिळून तो टीव्ही गल्लीतून नेतो, माझे हात भरून येतात, तुम्ही एकदाही थांबत नाही. दारातच तुम्ही सांगून टाकता, "पार्टबिर्ट काय नव्हता, खाला. माझी पोरगी खोटं बोलली तुमाला." खाला पदर तोंडाला लावून हसते. "जाने दो भाईसाब, मैं रहती तो मैं भी यहीच करती." तुम्हाला मात्र हसू येत नाही. टीव्ही जोडून देता, मालिका अजून चालू असते, बायका काम घेऊन पुढ्यात सरकतात आणि तुम्ही मला टीव्हीच्या टेबलाला टेकवून बसवता. "आता हितंच बस. टीव्हीकडं पाठ करून. संपंस्तवर." खाला म्हणते, "बच्ची है जी." तुम्ही म्हणता, "बच्ची हाय म्हणूनच."

अर्धा तास मी त्या बायकांकडे बघत बसले. दुसरं काही बघायला नव्हतंच. माझ्या पाठीमागे कुणीतरी जोरजोरात भांडत होतं, रडत होतं, मोठमोठी वाक्यं फेकत होतं, आणि समोर सुया सरासर चालल्या होत्या. बटण, गाठ, दातानं दोरा तोडायचा, पुढचं बटण. मग एकदम मागचं बोलणं थांबलं. संगीतही नव्हतं. आणि सगळ्या सुया थांबल्या. एकीची तर कापडात अर्धी जाऊन तशीच राहिली. पडद्यावर काय चाललं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी शोधलंही नाही. त्या बायकांचे चेहरे मात्र मी चित्र काढून दाखवू शकेन.

यातून मी लगेच शहाणी झाले, असं नाही. इथल्या विद्यापीठात नाटक शिकून मुंबईला गेले, तेव्हा पहिली चार वर्षं मालिकांच्या सेटवर वहीत नोंदी करण्यात गेली: कुठल्या नटीच्या हातात कालच्या सीनला किती बांगड्या होत्या, पदर कुठल्या खांद्यावर होता. मग एका दिग्दर्शकाच्या हाताखाली आले. तो म्हणाला, मालिका कुणी बघत नाही, ऐकतात. बायका कणीक मळताना ऐकतात. म्हणून सगळं बोलून सांगायचं, वर तीनदा चेहरा जवळ आणून दाखवायचा. मी तेच शिकले आणि त्यात तरबेज झाले. त्यावरच मला माझी पहिली मालिका मिळाली. तुम्ही तिचा एकच भाग बघितलात, मामाच्या घरी. बघून झाल्यावर विचारलंत, "ती बाई आरशाशी का बोलती गं, माय? घरात माणसं नायती का?" मामी हसली. मी रागावले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला न सांगता मुंबईची गाडी धरली. त्यानंतरच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. तरी पुढची कित्येक वर्षं माझ्या मालिकांतल्या बायका आरशाशी बोलत राहिल्या.

आता या मालिकेचं सांगते. नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या बाईंना सगळं युनिट अक्का म्हणतं. सत्तरी ओलांडलेली बाई, मराठवाड्यातल्या गावोगावी नाटकं केलेली. दोन महिन्यांपासून त्यांना वाक्यं आठवत नाहीत. "अगं डायरेक्टरीणबाई, माझं डोकं भाड्याच्या खोल्यांसारखं झालंय. कोण कधी सामान घेऊन निघून जाईल, पत्ता लागत नाही," असं स्वतःच म्हणतात आणि सगळ्यांना हसवतात. मग मेकअपच्या खोलीत जाऊन दार लावून घेतात.

परवाचा सीन असा होता: मुलगी सासर सोडून आलीय, उंबऱ्यात उभी राहून सांगते, मी परत जाणार नाही. त्यावर आईचं दोन पानी भाषण. अक्का सहा वेळा तिसऱ्या वाक्यावर अडकल्या. सातव्यांदा मी त्यांच्या हातातले कागद काढून घेतले. म्हटलं, काहीच बोलू नका, अक्का. तुमची लेक आलीय, एवढंच. कॅमेरा चालू झाला. मुलीनं तिचं वाक्य म्हटलं. अक्कांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पायाशी असलेल्या बॅगेकडे बघितलं. वाकून ती बॅग उचलली, त्यांना ती जड झाली, तरी दोन्ही हातांनी ओढत आत नेली आणि आपल्या ट्रंकेशेजारी ठेवली. मग बाहेर येऊन विचारल्यासारखं तोंड केलं: जेवलीस? केस करणारी बाई कोपऱ्यात पिना डब्यात भरत होती. तिचा हात थांबलेला मी बघितला. मी सीन ओके केला.

काल चॅनेलमधून फोन आला. तरुण माणूस आहे, नम्र आहे, मला ताई म्हणतो. "ताई, सुंदर झालंय, पण भाषण कुठंय? ज्या पोळ्या लाटतायत त्यांना काय कळणार? सोमवारी परत शूट करा. अक्कांना जमणार नसेल तर आपण अक्का बदलू. अपघात दाखवता येईल." अक्का पलीकडच्या खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना ऐकू गेलं नसावं. माझ्याकडे एक मूठ दाणे धरून त्यांनी मानेनंच विचारलं, घेतेस का?

आणि अण्णा, मी हो म्हणाले. दाण्यांना नाही, फोनवर. त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाले. बावीस वर्षांची सवय आहे, तोंडातून आपोआप निघतं. नंतर अक्कांच्या शेजारी बसून दाणे खाल्ले आणि उद्या सुट्टी आहे, आराम करा, असं त्यांना सांगितलं.

आज मी ते परत घेणार आहे. सीन आहे तसाच जाईल आणि अक्का राहतील. पुढच्या भागांत त्यांना जेवढी वाक्यं पेलतील तेवढीच मी लिहून घेईन, पेलली नाहीत तर वाक्यांशिवाय शूट करीन. तो म्हणेल, मग आम्हाला दिग्दर्शक बदलावा लागेल. बदलू दे. दुसरा माणूस तयार आहे हे मला ठाऊक आहे. त्याला मीच शिकवलंय. भीती वाटते का, तर वाटते. या वयात पुन्हा कुणाच्या दारात काम मागायला उभं राहायचं, हे सोपं नाही. पण काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी सगळं उलटसुलट करून पाहिलं, आणि अक्कांना अपघातात मारून सोमवारी तिथंच, त्याच उंबऱ्यात, 'अ‍ॅक्शन' म्हणणारी मी काही मला दिसेना.

हे कागद मी सीनच्या फाइलमध्येच ठेवीन, नाहीतर फाडून टाकीन. सुरुवातीला वाटलं होतं, तुम्हाला लिहिलं की धीर येईल. खरं सांगू का, धीर गोळा करायला मी लिहीत नव्हते, अण्णा, वेळ काढत होते. अकरा केव्हाच वाजून गेलेत. दारामागं अक्का कुणाला तरी चहात साखर कमी म्हणून झापतायत. काय बोलायचं ते ठरलंय: काल मी हो म्हणाले, ते चुकलं. आता लावते फोन.