शबानासाठी दोन कॅसेटी

चंद्रपूर, जून १९९७, सोमवार संध्याकाळ

शेजारची शबाना उद्या नर्स म्हणून भामरागडला निघते. पावसात रस्ता बंद झाला की महिनोन्महिने घर नाही. काय ऐकावं ते मी पेपरात दर आठवड्याला लिहितो, म्हणून मलाच विचारायला आली. "भाऊ, दोनच कॅसेटी सांगा. टेपचे सेल पुराले पायजेत."

पहिली सोपी. झाडीपट्टीचं विनोदी नाटक, मंडपात रेकॉर्ड केलेलं.

"एकटी हसली तर लोक पागल म्हणतील ना मले!"

"एकटी कुठं? अख्खा मंडप हसतो त्यात."

दुसरी त्याच नाटकातल्या म्हाताऱ्या नटाची मुलाखत, रेडिओसमोर टेप ठेवून मीच उतरवलेली. मुलाखत ऐन रंगात आली की टेपमध्येच शबानाची अम्मी आमच्या दारातून ओरडते, "भाऊ, शबाना इथी हाये का? जेवण थंडं होऊन राह्यलं!" नट बिचारा बोलतच राहतो.

त्या ओरडण्याशिवायची साफ प्रत मिळवून द्यावी का? वाचकांना तीच सुचवली असती. पण नाही, हीच. इतकी पक्की शिफारस मी आजवर केलेली नाही.

ओरडण्याबद्दल तिला काही बोललो नाही. नद्या चढतील, रस्ता तुटेल, तेव्हा जेवायला बोलावणं येईलच.