गप्प झालेलं यंत्र

प्रिय टिल्लू,

आधी खाली बस. हातातली पेटी आहे तिथेच ठेव. तुझ्या मधमाश्यांना तुझ्यावाचून थोडा वेळ करमेल. झोपडीत जा, भिंतीला पाठ टेक, पाय पसर आणि मग वाच. सहा फुटी माणसाला मी टिल्लू म्हणते म्हणून पत्र आणणारा जीपवाला हसेल, हसू दे त्याला. पत्र लांबलचक आहे आणि गोष्टीचा शेवट आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. आज ती करू नकोस, माझी शपथ आहे तुला.

आधी चांगली बातमी. आतड्यातून जो मांसाचा कोंब कापून काढला होता, त्याचा रिपोर्ट आला. साधा होता, त्यात वाईट काही नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर निघाला हे बरं झालं. तुझ्या लेकीला सांगितलं तर हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, आत्या, बाबांना तपासणीला न्यायला आपण किती नाकदुऱ्या काढल्या, आता मात्र ते गावभर सांगत सुटतील की मीच आपणहून गेलो होतो. मी म्हटलं, सांगू दे, जिवंत माणसाने बढाया मारलेल्या बऱ्या.

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी मिळाली. तपासणीच्या दिवसापासून छातीतल्या यंत्राने एकदाही लाथ मारली नाही, आता त्याला शहाणपण सुचलंय, असं तू लिहिलंस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ती लाथ तू किती धसका घेऊन सोसलीस ते मी पाहिलंय. पहिली बसली तेव्हा बुटाची नाडी बांधत होतास आणि खेचराने मागून लाथ घातली असं वाटून वळून बघितलंस. नंतर नंतर तर एकट्याने अंघोळीला जायलाही घाबरायचास. दार नुसतं लोटून घ्यायचास आणि मी बाहेर उभी राहून उगाच काहीबाही बडबडत बसायची. मला कंटाळा येतो असं दाखवायची, पण आतून पाण्याचा आवाज थांबला की लगेच तुला हाक मारायची.

तरी मी तुला तेव्हाही सांगायची आणि आजही सांगते, त्याला शिव्या देऊ नकोस. भाजीच्या गाड्यासमोर तू दाणकन पडलास, तेव्हा कोण कुठला माणूस, त्याने हातातली पिशवी टाकून तुझी छाती दाबली म्हणून तू राहिलास. तसा माणूस दर वेळी शेजारी उभा नसतो. काळीज भलत्याच चालीने धावायला लागलं की विजेचा झटका देऊन ते वठणीवर आणायचं, म्हणून तर डॉक्टरांनी हा राखणदार छातीत बसवला. राखणदार वस्सकन अंगावर येतो म्हणून कुणी त्याला हाकलत नाही. दुखलं तर दुखलं, तू उठून मला नावं तरी ठेवायचास.

तपासणीच्या दिवशी तू गुंगीत होतास, त्यामुळे तुला पुरतं माहीत नसेल. दुर्बीण आत घालण्याने यंत्राला काही होत नाही. पण तो कोंब विजेच्या तारेने कापायचा होता, आणि त्या विजेची खरखर ऐकून यंत्राला वाटू शकतं की काळीजच बिथरलं. मग ते ऐन कापण्याच्या वेळी लाथ हाणेल, तुझं अंग उडेल आणि आतडं फाटेल. म्हणून तेवढ्यापुरती त्याची लाथ बंद ठेवतात. तिथली नेहमीची रीत सोपी आहे. छातीवर एक गोल चुंबक चिकटपट्टीने बसवतात, तो असेपर्यंत यंत्र गप्प राहतं, आणि काढला की आपोआप जागं होतं. हे सगळं मला त्या यंत्राच्या तंत्रज्ञाने समजावून सांगितलं. जाडसर, घामाघूम, भला माणूस आहे. तू त्याला ढोलू म्हणालास ते त्याने ऐकलं होतं बरं का.

पण तुला डाव्या कुशीवर झोपवायचं होतं आणि यंत्रही डाव्याच बाजूला. तुझं अंग काही मापात बसणारं नाही, चुंबक सारखा घसरायला लागला. शेवटी तंत्रज्ञाने चुंबक बाजूला ठेवला आणि आपल्या पेटीतल्या मशीनवरून तुझी लाथ बंद केली. काम झालं की मी येऊन चालू करतो, असं सांगून तो उभाच होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी कोसळलं आणि त्याला पळावं लागलं. इकडे तू जागा झालास आणि विजार द्या, मला डोंगर चढायचाय म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर बसलास. परिचारिकेने तुझी छाती बघितली, चुंबक नव्हता. पडद्यावर ठोके बघितले, ओळीने नीट पडत होते. तिच्या हिशेबी चुंबक नाही म्हणजे यंत्र जागं. तिने हसून आपल्याला निरोप दिला.

आता तुझ्या चिठ्ठीतल्या खालच्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचतेय. चढावर पेटी उचलताना छातीत फडफड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, दगडावर टेकलास, मग थांबलं. यंत्र काहीच बोललं नाही म्हणजे किरकोळच असणार, असं तू ऐटीत लिहिलंस. काल त्या ओळींवरून माझी नजर सरळ पुढे गेली. आज जात नाही. हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, माझं अक्षर असं कधी नसतं, तुला दिसतच असेल. मला भीती वाटतेय, टिल्लू. आई गेली तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

तुझ्या डोंगरावर फोन पोचत नाही. आज सकाळी त्या तंत्रज्ञाचा मला फोन आला, धावपळीत यंत्र परत चालू करायचं राहिलं हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. तुझी लाथ त्या दिवसापासून बंदच आहे. यंत्र शहाणं झालं नाही, ते गप्प आहे. पुन्हा फडफड झाली आणि आपली आपण थांबली नाही, तर ते काहीही करणार नाही. तो आपली पेटी घेऊन निघालाय. सोबत डॉक्टर आहेत, बाहेरून झटका द्यायचं मशीन आहे आणि तुझी लेक आहे. पण जीप पायथ्याशी थांबते आणि पुढचा चढ त्या जाड्या माणसाला भरभर जमणार नाही. जीपवाल्याचे पाय हलके, म्हणून पत्र त्याच्या हाती पुढे धाडलं. त्याला सगळं माहीत आहे, पण बोलायचं नाही असं मी बजावलंय. त्याने तोंडी सांगितलं असतं तर तू त्यांना भेटायला तडक उतार उतरत सुटला असतास, आणि तेच तर होऊ द्यायचं नाही. म्हणून मी लिहिलं आणि जमेल तितकं लांबवलं. मला फक्त तू बसून राहायला हवा होतास. कुणावर चिडू नकोस, बिचाऱ्या ढोलूवर तर मुळीच नाही. आता बाहेर पावलं वाजतील, तुझी लेक तुला हाक मारेल. दार उघडायला उठू नकोस.

तुझीच,
ताई