सोनमच्या डबीतली पावडर

६ जानेवारी २०२५, सोमवार
लेक सोनम काल एकटीच माहेरी आली. डाव्या गालावर निळं. बाथरूममध्ये घसरले म्हणाली. मी म्हटलं, पोरीच्या जातीनं जरा बघून चालावं. गिताबाई, म्हंजी आमची मंडळी, भाकरी फार जोरात थापत होती.

सोनमच्या पर्समध्ये तोंडाला लावायच्या पावडरची डबी निघाली. आतल्या दाबलेल्या वडीचा पार भुगा, आरसा तडकलेला. गिताबाईनं विचारलं, डबी बी घसरली का? मी विषय वाढवला नाही.

रविवारी दोन्हीकडच्या माणसांची बैठक आहे. जावई बिरदेव मनाचा साफ. रांजणगावला नाईट शिफ्ट असते, त्यानं डोकं तापतं, एवढंच. संक्रांतीला लेक सासरी पाहिजे, आणि चार माणसांत असलं तोंड नको.

संकल्प: डबी मीच दुरुस्त करणार. मोबाईलवर बघितलं. दहा मिनिटांचं काम.

७ जानेवारी, सकाळी १०
भुगा खलबत्त्यात बारीक केला. यवतच्या मेडिकलमधून स्पिरिट आणलं. थेंबथेंब टाका म्हणतात. थेंबानं काय होतंय, म्हणून टोपणभर ओतलं. लापशी झाली.

संध्याकाळी. वाळली, पण उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळली. लसणाचा वासही लागला आहे. खलबत्ता आधी धुवायचा, हे मोबाईलवाल्या बाईनं सांगायला पाहिजे होतं.

९ जानेवारी, गुरुवार
परत कुटली. मेंढरं होती तेव्हाची इंजेक्शनची सिरिंज फडताळात सापडली. धुऊन घेतली आणि मोजून आठ थेंब सोडले. वर स्वच्छ फडकं, त्यावर पाव किलोचं वजन. आता दोन दिवस हात लावायचा नाही. धीर हा माझा मूळचा गुण.

सोनमनं विचारलं, आबा, बैठकीत मी काय बोलू? मी म्हटलं, तू कशाला बोलतेस, थोरली माणसं हायेत की. ती बराच वेळ त्या वजनाकडं बघत बसली.

गालावरचं निळं आता पिवळं पडलंय. औषधाविना उतरतंय. चांगलं लक्षण.

११ जानेवारी, शनिवार
जमली. बोट फिरवलं तर गुळगुळीत, डबी पालथी केली तरी कण सांडत नाही. कंपनीत असतो तर सुपरवायझर झालो असतो.

सोनमनं डबी हातात घेतली नाही. गिताबाई म्हणाली, एवढी अक्कल जावयाला चार शब्द विचारण्यात खर्चली असती तर? बायकांना कारागिरी कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार
गिताबाईनं पावडर लावायला साफ नकार दिला. मग मीच लावली. सोनमला लहानपणी गोवर आला तेव्हा असाच माझ्या हातानं लेप लावला होता. तवा ती रडायची. आज नुसती डोळे मिटून बसली.

बैठकीत गिताबाईचे थोरले भाऊ मारुतराव मुख्य. सगळं गोडीत चाललं होतं. मधेच सोनम म्हणाली, मामा, हे मला मारत्यात. बिरदेव हसून म्हणाला, मारलं असतं तर वळ नसता का दिसला? मारुतरावांनी चष्मा लावला, तिला उजेडात बोलावलं, गाल नीट बघितला. म्हणाले, कुठं काय, पोरीचं तोंड तर लोण्यावानी हाय. सगळे हसले.

सोनमनं माझ्याकडं बघितलं. मी चहाचं सांगायला आत गेलो.

चार वाजता त्यांच्या गाडीतून गेली. डबी मी आठवणीनं पर्समध्ये टाकली.

१४ जानेवारी, संक्रांत
फोन लागला नाही. सणाचं लाईनीवर लोड असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार
सकाळी सोनमचा फोन. आबा, डबी परत फुटली, म्हणाली. मी विचारलं, नुसती डबीच ना? फोन चालू होता. गिताबाईनं तो माझ्या हातातून घेऊन कानाला लावला.

गिताबाईनं पिशवी भरली आणि एसटीला निघाली. मला चला म्हणाली नाही. आजवर एकटी जवळच्या चौफुल्याच्या पुढं गेली नव्हती.

ही वही चाळत बसलो. सहा तारखेला मी लिहून ठेवलंय, बाथरूममध्ये घसरली. त्यांचं रांजणगावचं घर बांधलं तेव्हा बाथरूमची फरशी मीच निवडली होती. गवंडी गुळगुळीत घ्या म्हणत होता. मी अडून बसलो आणि खडबडीत बसवून घेतली, माझी लेक कधी घसरू नये म्हणून.